सदूच्या वयाचे रुपये

चंद्राबाईने नोटा हातातसुद्धा घेतल्या नाहीत. पदराला हात पुसत ती ओट्यावरून खाली आली, त्या कागदांकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

"कागद नको मला, गुनाजीदादा. पावसात भिजला तं त्याचा काला व्हतो. चांदी दे."

गुणाजीला हे नवं नव्हतं. दिघीच्या कोळीवाड्यात मनीऑर्डर घेऊन गेलं की घरोघर हेच ऐकायचं. मुंबईच्या गोदीतून चंद्राबाईच्या नवऱ्याने बारा रुपये धाडले होते. गुणाजीने तिचा अंगठा घेतला आणि थैलीच्या आतल्या कप्प्यातून चांदीचे रुपये काढले. ती एकेक रुपया उंबऱ्याच्या दगडावर वाजवून घेई आणि त्यात राणीछाप निघाला की बाजूला ठेवी. राणीच्या रुपयात चांदी जास्त असते असं तिचं ठाम मत होतं. तसं काही नसतं हे गुणाजीने तिला दहादा सांगितलं असेल, पण ऐकेल ती चंद्राबाई कसली. असे साठ-सत्तर राणीछाप तिने चुलीमागच्या जमिनीत पुरून ठेवले होते, आणि ते कुणालाही ठाऊक नाहीत असं समजून अख्ख्या दिघीला सांगितले होते.

आज मात्र तिच्याहून गुणाजीच जास्त वखवखला होता. प्रत्येक रुपया देण्याआधी तो उलटा करून डोळ्यांजवळ नेत होता. शेवटी तिने विचारलंच, एवढं काय शोधतोस. साल शोधतो, तो म्हणाला. सापडत नाही का, तिने विचारलं. तो थैली खांद्याला लावून खाडी ओलांडणाऱ्या तरीच्या धक्क्याकडे चालू लागला.

१९२३ चा पावसाळा होता. नारळी पुनवेला बारा दिवस उरले होते आणि बावीस सालाचा एक रुपया काही केल्या गुणाजीला मिळत नव्हता.

आता हे खूळ मुळात त्याचंच, दुसऱ्या कुणाचं नव्हे. अठरा वर्षांपूर्वी त्याला टपालखात्यात नोकरी लागली. आगरदांड्याच्या शेतकरी घरातला चार यत्ता शिकलेला गडी, एकदम खाकी कोट आणि पितळी बिल्ला. रोज मुरूडहून थैली आणायची, आगरदांड्याची पत्रं वाटायची, तरीने खाडी ओलांडून दिघीला जायचं आणि परत यायचं. त्याच वर्षी नारळी पुनवेला त्याची बायको राही हिला मुलगा झाला. गुणाजीला कोण आनंद झाला. नुकतेच इंग्रजी आकडे वाचायला शिकला होता, ती मिजास निराळीच. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला त्याने एक कोरा करकरीत रुपया राहीच्या हातावर ठेवला. त्यावर बिनमुकुटाचा बोडका राजा होता आणि मागे साल होतं, १९०५. "ह्ये बग, आपल्या सदूचं साल," असं तो म्हणाला आणि विसरूनही गेला. राही विसरली नाही. पुढच्या पुनवेला तिने विचारलं, "ह्या सालाचा कुठाय?"

तेव्हापासून सुरू झालं ते. नवी नाणी या किनाऱ्याला यायला वर्ष जायचं, म्हणून गेल्या सालाचा रुपया यंदाच्या पुनवेला. कप्प्यातल्या रुपयांत तो दिसला की गुणाजी स्वतःच्या पगारातला रुपया तिथे ठेवायचा आणि हा उचलायचा. सरकारच्या पैची लबाडी त्याने जन्मात केली नाही. राहीने त्या नाण्यांसाठी तांदळाच्या कणगीत एक मडकं ठेवलं होतं. सदूच्या लग्नात सुनेची ओटी ह्या रुपयांनी भरायची, असं तिने ठरवून टाकलं होतं. रुपया मडक्यात टाकण्याआधी ती तो घटकाभर मुठीत धरून गरम करायची. थंड रुपया टाकला तर पोराला थंडी बाधेल म्हणायची.

राहीला अक्षर येत नव्हतं, पण आकडे तिने आपल्या पद्धतीने शिकून घेतले. एक म्हणजे काठी. नऊ म्हणजे पळी. दोन म्हणजे बदक, तीन म्हणजे गळ, आणि चार म्हणजे शीड. नवा रुपया आला की जुन्याच्या शेजारी ठेवायची आणि शेवटची खूण बदलली आहे ना हे बोट फिरवून बघायची. अकरा सालच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसत होता. लोकांनी नावं ठेवली तेव्हा सरकारने ते रुपये परत बोलावले, पण हिच्या मडक्यातला कोण परत मागणार? सात वर्षांचा सदू तो काढून काढून बघायचा आणि पोट धरून हसायचा.

वीस साली चांदी इतकी चढली की मुरूडचा दत्तात्रेय सोनार सोळा आण्यांच्या रुपयाला अठरा आणे द्यायला तयार झाला. ज्यांनी ज्यांनी रुपये साठवले होते त्यांची चैन झाली. गुणाजीने भीत भीत मडक्याचा विषय काढला. राही म्हणाली, "पोराचं वय इकायचं व्हय?" तो विषय तिथेच संपला.

पुढच्या वर्षी, एकवीस सालच्या दिवाळीनंतर, सदू गेला. मुंबईला गेलेल्या त्याच्या मित्राचं पत्र आलं होतं की मोठ्या आगबोटीवर खलाशाची जागा आहे, ताबडतोब निघून ये. आणि ते पत्र आणून दिलं कुणी? बापानेच. लोकांच्या पत्रांबरोबर ते थैलीतून आलं आणि गुणाजीने मोठ्या कौतुकाने पोराच्या हातात ठेवलं. या एका गोष्टीसाठी त्याने स्वतःला कधी क्षमा केली नाही. सोळा वर्षांचा पोरगा आईला म्हसळ्याला जातो सांगून बाहेर पडला. मग एडनहून एक कार्ड आलं, खुशाल आहे म्हणून. त्यानंतर काही नाही. दोन वर्षं गुणाजी रोज थैली सोडत होता, गठ्ठे लावत होता, जगाची पत्रं जगाला देत होता आणि आपल्या नावाचं पत्र निघतंय का म्हणून प्रत्येक पाकीट दोनदा बघत होता.

राहीने मात्र रडणं-भेकणं केलं नाही. पोर गेलं त्या वर्षीच्या रुपयाची, एकवीस सालच्या रुपयाची, तिने वाट बघितली. तो फार मुश्किलीने मिळाला, अवघा एक. तो मुठीत गरम करता करता तिने जे सांगितलं ते गुणाजीच्या काळजात जाऊन बसलं.

"सालाचा रुपया आला म्हंजे पोराचं वय वाढलं. वय वाढतंय म्हंजे पोर हाय कुटंतरी."

मडक्यात सतरा रुपये झाले होते. आता अठरावा पाहिजे होता आणि तो कुठेच नव्हता.

शेवटी गुणाजीने मुरूडच्या पोस्टमास्तरांना विचारलं. मास्तर वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थ. ते म्हणाले, लढाईच्या दिवसांत सरकारने रुपये पाडले ते ढिगांनी परत आलेत, तिजोऱ्या भरून वाहतायत, मग नवे कशाला पाडतील? बावीसचे अगदी थोडे निघाले म्हणतात, ते इकडे यायची आशा नको. आणि यंदा तर एकही नाही. पुढे कधी पाडतील, देव जाणे.

टांकसाळ थांबली ती सरकारच्या हिशेबाने थांबली. आगरदांड्याच्या एका पोराचं वय त्या टांकसाळीला बांधलेलं आहे हे सरकारला कुणी कळवायचं? मास्तरांसमोर गुणाजी मान डोलावत उभा राहिला, बाहेर आला आणि पायरीवर बसला. राहीला हे सांगायचं कसं? सदू गेला आणि सालंच संपली, असाच अर्थ ती लावणार. आणि खरं बोलायचं तर त्यालाही तसंच वाटू लागलं होतं.

त्या दिवशी तो दत्तात्रेय सोनाराच्या दुकानात गेला. दोन गिऱ्हाइकं होती ती जाईपर्यंत गप्प बसला. मग खिशातून बारा सालचा रुपया काढून शेगडीजवळच्या पाटावर ठेवला आणि सालातल्या तिसऱ्या आकड्यावर बोट टेकवलं.

"दत्तूशेट, ह्या काठीचं बदक करून पायजे."

दत्तात्रेयला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याने दुकानाचं दार अर्धं लोटलं. राजाच्या नाण्याला हत्यार लावायचं म्हणजे तुरुंगाची वाट, आणि तेसुद्धा गुणाजीने सांगावं? ज्याच्या हातून अठरा वर्षांत पै इकडची तिकडे झाली नाही, त्या माणसाने? दत्तात्रेयने त्याला हळू आवाजात पुष्कळ समजावलं. बायकोला खरं सांगून टाका, ती काय खाणार आहे का तुम्हाला, असंही म्हणाला. गुणाजी खाली मान घालून ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर त्याने सदूचं सगळं सांगितलं, पहिल्या रुपयापासून एडनच्या कार्डापर्यंत.

दत्तात्रेयने बारीक छिन्नी काढली. काठी तासून सपाट केली आणि तिच्या जागी बदक कोरलं. कामाचे पैसे त्याने घेतले नाहीत. हे नाणं बाजारात मात्र जाऊ देऊ नका, एवढंच बजावलं.

पुनवेच्या दिवशी राहीने नारळीभात केला. देवापुढे दिवा लावला आणि हात पुढे केला. गुणाजीने रुपया दिला. तिने रुपया उलटा केला, अंगठा फिरवला. परत फिरवला. गुणाजीला वाटलं, झालं, आता संपलं सगळं.

"काठी, पळी, बदक, बदक," राही म्हणाली. "यंदा दोन बदकं आली." मग तिने रुपया मुठीत धरला, गरम केला आणि मडक्यात टाकला.

गुणाजीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्या दिवशी तो दोनदा भात मागून जेवला आणि जेवल्यावर ओट्यावर पथारी टाकून संध्याकाळपर्यंत झोपला. एडनच्या कार्डानंतर असा तो झोपलाच नव्हता.

पण एकदा केलं की ते दरसालचं झालं. पुढच्या वर्षी तेरा सालच्या रुपयाचं तेवीस झालं. बदक आणि गळ. त्याच्या पुढच्या वर्षी चौदाचं चोवीस. गुणाजी दारात दिसला की दत्तात्रेय छिन्नी काढायचा. कोरलेल्या बदकाचा तो तिसरा रुपया कोटाच्या आतल्या खिशात घालून गुणाजी १९२५ च्या पुनवेला घरी आला. सदूला जाऊन चार वर्षं होत आली होती. कार्ड नाही, निरोप नाही, बोटीवरून आलेल्या एकाही खलाशाला सदू नावाचा पोरगा भेटलेला नाही.

राही चुलीपाशी नव्हती. मडकं कणगीतून काढून ती पुढ्यात घेऊन बसली होती. ती दर हप्त्याला दिघीच्या बायकांकडून सुकट घेऊन म्हसळ्याच्या बाजाराला जायची. तिथे माल विकून ती चार दिवसांपूर्वीच परत आली होती.

गुणाजीने खिशात हात घातला.

"ऱ्हाऊ दे," राही म्हणाली. तिने पदराची गाठ सोडली आणि एक अधेली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "बगा."

आठ आण्यांचं नाणं, रुपयाहून लहान, पण चांदीचं. त्याने ते दाराच्या उजेडात नेलं. त्यावर १९२४ होतं. स्वच्छ, उठावदार, टांकसाळीतून निघालं तसं. सरकारने रुपये थांबवले होते, अधेल्या थांबवल्या नव्हत्या. रोज शेकडो नाणी हाताखालून घालवणाऱ्या या शहाण्याने तीन वर्षं फक्त रुपयेच उलटे करून बघितले. अधेलीची पाठ बघायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"काठी, पळी, बदक, शीड," राही म्हणाली. "आर्धा हाय. पन कुनी कोरल्याला न्हाय."

गुणाजी उभा होता तिथे खाली बसला. त्याला तिच्याकडे बघवेना. त्याने विचारलं, "कवा कळलं तुला?"

"पैल्याच सालाला. समद्या खुणा बोटाला उंच लागतात. त्ये बदक खोल लागलं."

"मग बोलली का न्हाईस?"

राहीने मडक्यातून ते दोन कोरलेले रुपये वेचून काढले. बघावं लागलंच नाही, हात आत घालून बोटांनीच काढले. त्याच्यापुढे ठेवले.

"त्या दिशी तुमी पोटभर जेवलाव," ती म्हणाली. "सदू गेल्यापासनं पैल्यांदा. मला वाटलं, तुमाला त्यो रुपाया माज्यापरीस जास्ती पायजेल हाय. मग कशाला बोलू?"

गुणाजी रडला. पन्नाशीला टेकलेला, डोक्यावर सरकारी फेटा बांधलेला माणूस, भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. त्याला वाटत होतं आपण हिला सांभाळतोय. दोन वर्षं ती खोटं नाणं मुठीत गरम करत होती, कशासाठी, तर ह्याचं जेवण तुटू नये म्हणून. ते पत्र आपण आणलं, आपल्याच हाताने पोराला दिलं, हे त्याने तेव्हा पहिल्यांदा तिला बोलून दाखवलं. राहीला तेही ठाऊक होतं. पोराच्या ट्रंकेत तिला ते पाकीट सापडलं होतं.

"पन आर्ध्याचा अर्थ काय लावायचा गं?" त्याने डोळे पुसत विचारलं.

राहीने अधेली उचलली, मूठ मिटली आणि नेहमीसारखी थोडा वेळ तशीच बसून राहिली.

"आर्धा तं आर्धा," ती म्हणाली. "यील तवा पुरा करू."

कोरलेले तिन्ही रुपये दत्तात्रेयने मुशीत घालून वितळवले आणि त्या चांदीचा गोळा गुणाजीला परत दिला. तो देव्हाऱ्यात गेला. बावीसची आणि तेवीसची अधेलीही पुढे हाताला लागली. मग दरसाल पुनवेला दोघं मिळून अधेली शोधायची, राही बाजारात, गुणाजी थैलीत. ज्या सालची मिळे त्या सालची मडक्यात जाई.

तीसनंतर चांदी अशी पडली की मुरूडच्या बाजारात माणसं डोक्याला हात लावून बसली. चढत्या भावात चांदीच्या लगडी घेऊन ठेवलेला दत्तात्रेय अर्ध्यावर आला. चंद्राबाईचे राणीछाप मात्र रुपयाला रुपया चालत राहिले. आपण पहिल्यापासून सांगत होतो, राणीत चांदी जास्त, असं ती अजून सांगते. त्याच सुमारास दोन-तीन वर्षं अधेलीही निघाली नाही. मडक्यातल्या त्या जागा तशाच राहिल्या. बत्तीस साली, भात झोडायच्या दिवसांत, ती चार दिवसांच्या तापाने गेली. शेवटपर्यंत तिची मूठ मिटलेली होती. गुणाजीने ती उघडली तेव्हा आत काही नव्हतं.

पस्तीस सालापर्यंत गुणाजीची नोकरी संपून गेली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, माणूस आवाजावरून ओळखायचा. तरीही होडी लागायच्या वेळेला तो आगरदांड्याच्या धक्क्यावर जाऊन बसायचा. कोण कोण उतरलं ते होडी चालवणारा तांडेल भागोजी त्याला न विचारता सांगायचा, आणि नवीन कुणी नाही, हेही तोच सांगायचा. नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी गुणाजीने भागोजीकडून सुकटीचा वाटा घेतला आणि रुपया दिला. भागोजीने मोड परत दिली. त्यात एक अधेली होती.

गुणाजीने तिची पाठ वर केली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून त्याने अंगठा फिरवला, सावकाश, कडेपासून. काठी. पळी. गळ. मग शेवटची खूण. तिच्यावर अंगठा दोनदा गेला. शीड. चारही खुणा उंच लागल्या.

"काय बगतोस, गुनाजीकाका? खोटी हाय का?" भागोजीने विचारलं.

"न्हाय," गुणाजी म्हणाला. "खरी हाय."

घरी येऊन त्याने कणगीतून चाचपडत मडकं काढलं. गल्लीतून नवा टपालवाला जात होता, त्याच्या वहाणांचा आवाज दाराशी आला आणि पुढे निघून गेला. गुणाजीने अधेली लगेच मडक्यात टाकली नाही. धक्क्यावरच्या वाऱ्याने ती गार झाली होती. मूठ मिटून, ती गरम होईपर्यंत, तो उंबऱ्याजवळ बसून राहिला.